चिखल जंगलात नव्हता, वाटेवर होता

गेल्या आठवड्यात अंदमानच्या सॅडल पीकचे फोटो टाकले होते. तेरा फोटो, त्यातल्या नऊ फोटोंत चिखल. कमेंट भरपूर आल्या, सगळ्यांचे आभार. पण त्यातल्या तीन कमेंट डोक्यातून जात नाहीयेत, म्हणून हे लिहितोय. लांब होणार आहे. घाईत असाल तर सेव्ह करून ठेवा.

पहिली शाळेतल्या मित्राची. "एवढे पैसे घालून चिखलच तुडवायचा होता तर दाभोळच्या खाडीत उतरला असतास." हसलो. (पण या खाडीकडे परत येणार आहे, लक्षात ठेव.)

दुसरी कमेंट अशी की, पर्यटन वाढवायचं असेल तर असल्या वाटा काँक्रीटच्या करायला हव्यात, आपल्याकडे दृष्टीच नाही.

आणि तिसरी. फोटोंखाली मी एक ओळ लिहिली होती की, याच द्वीपसमूहात अगदी खाली, ग्रेट निकोबारला, असं जंगल तोडायचं ठरलंय. त्यावर आपल्याच गावातल्या एका ज्येष्ठ काकांनी लिहिलं, "सरकार त्या बदल्यात दुसरीकडे झाडं लावणार आहे. नीट माहिती घ्या. उगाच विकासाला विरोध नको." या कमेंटला माझ्या पोस्टपेक्षा जास्त लाइक आहेत. म्हणजे हे एकट्या काकांचं मत नाही, गावातल्या बऱ्याच जणांचं आहे.

काका, तुमच्याबद्दल आदर आहे. पण तुम्ही म्हणता ते "दुसरीकडे" नेमकं कुठे आहे, ते खाली सांगतोच. त्याआधी मला त्या चिखलाबद्दल बोलू द्या, कारण माझा सगळा मुद्दा त्या चिखलात आहे.

सॅडल पीक हा अंदमानातला सगळ्यात उंच डोंगर. उंची ७३२ मीटर. आकडा ऐकून आपले सह्याद्रीवाले हसतात, कळसूबाई याच्या दुपटीहून उंच. पण कळसूबाईला आपण बारी गावातून चढायला लागतो, म्हणजे बरीचशी उंची एसटीने आधीच चढून दिलेली असते. इथं बूट समुद्राच्या पाण्यात भिजवायचे आणि चढायला लागायचं.

बहुतेक मराठी माणूस अंदमानला जातो तो सेल्युलर जेल, हॅवलॉक, नील एवढं करून परततो. सॅडल पीक त्यांच्या उत्तरेला, डिगलीपूरला. पोर्ट ब्लेअरहून (सरकारी नाव आता श्री विजयपुरम) रस्त्याने तीनशेहून जास्त किलोमीटर, दिवस जातो. मध्ये जारवांच्या राखीव जंगलातून गाड्यांचा ताफा करून नेतात. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच जारवांच्या भागातली या रस्त्याची वाहतूक बंद करायला सांगितली होती. वीस वर्षं उलटून गेल्यावर मी त्याच रस्त्याने गेलो. तेव्हा या पोस्टमध्ये कुणाला आरोपी करायचं असेल तर पहिलं नाव माझं लिहा.

आम्ही तिघे होतो, नोव्हेंबरचा महिना, आदल्या रात्री धो धो पाऊस. तिथं सूर्य आपल्या घड्याळापेक्षा फार लवकर उगवतो आणि पाच वाजता मावळतोही, म्हणून वाटाड्याने पहाटेच उठवलं. जायला आठ किलोमीटर, यायला आठ. सुरुवातीचा पट्टा किनाऱ्याने जातो. गोटे, ओहोळ, पुन्हा गोटे. मग वाट आत वळते आणि एकदम दिवस मावळल्यासारखं होतं. वर गर्जनची झाडं, इतकी सरळ आणि इतकी उंच की फांदी बघायला मान पूर्ण मागे टाकावी लागते. त्यांच्यावर वेली, वेलींवर शेवाळ, मध्ये वेताचे काटेरी दोर लोंबतायत. आणि खाली चिखल.

चिखल आपल्याला नवा नाही, आपण कोकणातली माणसं. पण हा वेगळा. सपाटीवर घोट्यापर्यंतचा, बूट धरून ठेवणारा. चढावर पिवळट, गणपतीच्या शाडूसारखा गुळगुळीत, त्याच्यावर पाय टिकतच नाही. आणि मुळांच्या मधल्या खळग्यांत साठलेला, त्याची खोली पाय आत गेल्यावरच कळते. तिघेही पडलो. मी चार वेळा पडलो, त्यातला एक फोटो तुम्ही पाहिलाच आहे. जळवांचं सांगत नाही. कोयनेच्या जंगलात पावसाळ्यात गेलेल्यांना सांगायची गरज नाही.

वाटाडे दादा साध्या प्लास्टिकच्या सँडलवर चालत होते आणि एकदाही घसरले नाहीत. मी पाचव्यांदा पडायच्या बेतात होतो तेव्हा म्हणाले, "मिट्टी पे नहीं भैया, जड़ पे पैर रखो." मी मान डोलावली आणि शहाणपणा केला. पुढचा चिखलाचा पट्टा चुकवायला वाट सोडून बाजूने जायला लागलो. तेव्हा मात्र ते चिडले. "साइड से मत जाओ. सब लोग साइड से जाते हैं, इसीलिए रास्ता चौड़ा हो गया."

तिथं मी पहिल्यांदा नीट बघितलं.

माझा एक पाय वाटेवर होता, चिखलात. दुसरा वाटेबाहेर. वाटेबाहेरच्या पायाखाली चिखलच नव्हता! गादीवर उभं राहावं तसं लागत होतं. रात्रभर पडलेला तोच पाऊस, तोच उतार, अंतर दीड हात. वाकून हात घातला. वर ओला पाला, त्याखाली अर्धा कुजलेला पाला, त्यात बुरशीचे पांढरे धागे, मग केसांसारख्या बारीक मुळांची जाळी. जाळी बाजूला केली तर चार बोटं काळी माती. आणि तिच्याखाली तीच पिवळी शाडू, जिच्यावर मी सकाळपासून आपटत होतो.

म्हणजे जंगल चिखलाचं नव्हतंच. चिखल फक्त तिथं होता जिथं माणसांच्या पायांनी वरची ती चार बोटं उडवली होती. पुढच्या ओहोळावर तर हे डोळ्यांनी दिसलं. वाट ओलांडण्याच्या वर पाणी नितळ, तळातले खडे मोजता येतील असं. वाट ओलांडून खाली गेल्यावर त्याच पाण्यात चहासारखा पिवळा पट्टा. फोटो क्रमांक आठ परत बघा. त्याला सगळ्यात कमी लाइक आहेत, आणि अख्ख्या ट्रिपमधला तोच एक फोटो कामाचा आहे.

आता यामागचं कारण. आपल्याला वाटतं, एवढं दाट जंगल म्हणजे जमीन केवढी कसदार असणार. पण अशा पावसाच्या प्रदेशात गोष्ट उलटी असते. पाणी वर्षानुवर्षं जमिनीतला कस धुऊन नेत असतं. मग जंगल आपली पुंजी जमिनीत ठेवतच नाही, स्वतःच्या अंगात ठेवतं, खोडात, फांद्यांत, पानांत. पान पडलं की त्या उष्ण दमट हवेत भराभर कुजतं आणि कुजताक्षणी वरवरची मुळं आणि बुरशी ते परत उचलतात. मुळं खोल जातच नाहीत, कारण खाली खायला काही नाही. म्हणून तर त्या झाडांना बुंध्याशी भिंतीसारखे आधार फुटतात. सगळा व्यवहार रोखीचा, हातावर पोट. बँकेत शिल्लक शून्य.

अशा जंगलातलं झाड तोडलं की फक्त झाड जात नाही. वरचं छप्पर जातं, पाऊस थेट त्या चार बोटांवर पडतो, आणि काही पावसाळ्यांत ती समुद्रात. बेटावर समुद्र लांब नसतो. गढूळ पाणी किनाऱ्यालगतच्या प्रवाळावर बसतं आणि तोही गुदमरतो. एका वाटेने, तेही फक्त पायी जाणाऱ्या माणसांच्या, एका ओहोळाला पिवळा पट्टा आणला. जेसीबीचं गणित तुम्ही करा.

आणि आपल्याला हे दुसऱ्या कुणी शिकवायला हवं का? २२ जुलै २०२१. चिपळूणकरांना तारखेच्या पुढे काही लिहायची गरज नाही. पाणी ओसरलं, पण गाळ किती दिवस आपण घमेल्यांनी बाहेर काढत होतो ते आठवा. फ्रिजमध्ये गाळ, कपाटात गाळ, देव्हाऱ्यात गाळ. त्याच डिसेंबरात याच गावातली माणसं वाशिष्ठी आणि शिवनदीतला गाळ काढा म्हणून साखळी उपोषणाला बसली होती, पक्षबिक्ष विसरून. पुराची कारणं बरीच आहेत, अतिवृष्टी, भरती, धरणाचं पाणी, नदीपात्रातली बांधकामं, त्यावरची भांडणं संपलेली नाहीत. पण गाळ म्हणजे काय? गाळ म्हणजे डोंगरावरची माती, जी डोंगरावर राहिली नाही. त्याच दिवशी तळीये आणि पोसरेत डोंगरच खाली आला. आपल्या जिल्ह्यातलं बहुतेक जंगल खासगी मालकीचं आहे, तोडीनंतर उघडे पडलेले उतार आपण येता-जाता बघतो, आणि लाकडाचे ट्रक तर हायवेला रोजचे.

आणि मित्रा, तुझ्या दाभोळच्या खाडीत जो चिखल आहे ना, त्यात वाशिष्ठीने वरून आणलेला हा गाळही आहे. तेव्हा तुझी कमेंट वाटते तेवढी विनोदी नाही.

काँक्रीटच्या कमेंटला लगेच उत्तर देऊन टाकतो, कारण ते सोपं आहे. काँक्रीट घातलं की पाणी मुरायचं थांबतं, पायऱ्यांवरून ओढ्यासारखं धावतं आणि कडेची माती खात सुटतं. आपल्या गडांवर अशा पायऱ्यांच्या बाजूला पडलेल्या घळी कुणीही जाऊन बघावं. वाट अरुंद ठेवायची, माणसं मोजून सोडायची आणि माणसांनी बूट खराब करून घ्यायचे, याला दुसरा स्वस्त उपाय नाही. चिखल नकोच असेल तर हॅवलॉकला वाळू आहे की!

आता ग्रेट निकोबार. मी तिथं गेलेलो नाही, हे आधीच सांगतो. सॅडल पीक द्वीपसमूहाच्या वरच्या टोकाला, ग्रेट निकोबार खालच्या टोकाला, मध्ये साडेसहाशे किलोमीटरहून जास्त अंतर. तिथलं जंगल हुबेहूब इथल्यासारखं नाही, गर्जनसुद्धा तिथं नाही. पण वर्षावन तेच, वर्षातून दोन पावसाळे तेच, आणि वरच्या थरावर चालणारा हातावरचा संसारही तोच.

सगळं बेट सुमारे ९१० चौरस किलोमीटर. त्यातल्या १६६ चौरस किलोमीटरवर प्रकल्प. गलाथिया खाडीत मोठं बंदर, विमानतळ, वीज प्रकल्प आणि नवं शहर. सुरुवातीचा खर्चाचा आकडा ७२,००० कोटी. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात वन आणि पर्यावरण खात्याच्या मंजुऱ्या मिळाल्या, वन खात्याची पहिल्या टप्प्याची. यातली १३०.७५ चौरस किलोमीटर वनजमीन आहे. मुंबईकर नातेवाइकांना समजावायला सोपं म्हणून सांगतो, बोरिवलीचं अख्खं नॅशनल पार्क सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. ते पूर्ण भरून वर उरेल एवढं जंगल. आरेत २०१९ ला दोन हजारांच्या आसपास झाडं रात्रीतून पाडली तेव्हा आपण सगळ्यांनी डीपी बदलले होते. इथं सरकारने संसदेत दिलेला अंदाज ९ लाख ६४ हजार झाडांचा आहे. सरकारचं म्हणणं की काही भाग हिरवा ठेवणार असल्याने प्रत्यक्षात कमी तुटतील. बरं, निम्मी धरा. पावणेपाच लाख.

पण माझं भांडण आकड्याशी नाहीच. त्या वाटेवर उभं राहून मी एकदा झाडं मोजायचा प्रयत्न केला. एका गर्जनच्या बुंध्यावर किती वेली, किती नेचे, किती ऑर्किड, आणि सावलीत वर यायची वाट बघत बसलेली बोटाएवढी किती रोपं. यातलं झाड कुठलं धरायचं? ते बोटाएवढं रोप कदाचित वीस वर्षांचं असेल. कंत्राटदाराच्या यादीत एवढ्या सगळ्याची नोंद "१ नग".

आणि या नगांच्या बदल्यात, काका, तुमचं ते "दुसरीकडे" म्हणजे हरियाणा.

हो, हरियाणा. अडीच हजार किलोमीटरहून जास्त लांब. जिथं वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, तिथल्या अरवलीच्या खुरट्या काटेरी रानात भरपाईचं वनीकरण दाखवलंय. ही माझी अतिशयोक्ती नाही, सरकारी कागद आहे. आणि नियमात बसतंही, कारण नियमच असा की ज्या राज्यात किंवा केंद्रशासित प्रदेशात जंगलाचं प्रमाण बरंच जास्त आहे, तिथल्या तोडीची भरपाई दुसऱ्या राज्यात करता येते. थोडक्यात, ज्याने जंगल राखलं त्याचं तोडायला सोपं. अरवलीत झाडं लावू नका असं मी म्हणत नाही. अरवलीला गरजच आहे, जरूर लावा. पण ती निकोबारची भरपाई कशी? चिपळूणच्या बाजारपेठेत पुराचं पाणी शिरल्यावर पंचनामे इथले करायचे आणि नुकसानभरपाई लातूरला वाटायची, म्हणायचं तिथं दुष्काळ आहे. लातूरला गरज आहेच. पण माझ्या दुकानातला गाळ कोण काढणार?

हरियाणातलं झाड हरियाणाची माती धरेल. निकोबारच्या उतारावरची चार बोटं माती ते अडीच हजार किलोमीटरवरून कशी धरणार, एवढंच मला कुणीतरी समजावून सांगावं.

त्या मातीवर कोण जगतं हेही थोडं ऐका. निकोबारात मेगापोड नावाचा एक पक्षी आहे, कोंबडीएवढा. तो अंड्यावर बसत नाही. किनाऱ्याजवळच्या जंगलात माती, वाळू आणि पाला पायांनी ओढून मोठा ढीग करतो, अंडी त्यात पुरतो आणि कुजणाऱ्या पाल्याच्या उबेवर पिल्लं बाहेर येतात. आपण पेंढ्यात आंब्याची अढी घालतो ना, अगदी तसं. हा पक्षी जगात निकोबार सोडून कुठेही नाही. त्याला हरियाणात कुठला पाला देणार?

आणि गलाथिया खाडी. जगातलं सगळ्यात मोठं कासव, लेदरबॅक, तिथल्या वाळूत अंडी घालायला येतं. आपल्या चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रच्या माणसांनी २००२ पासून वेळासला ऑलिव्ह रिडलेसाठी काय काय केलं ते आपण अभिमानाने सांगतो. पाहुणे आले की पिल्लं बघायला पहाटे घेऊन जातो. ते पिल्लू तळहातावर मावतं. लेदरबॅकची मादी पाचशे किलोपर्यंत भरू शकते. या कासवांसाठी गलाथिया खाडीला अभयारण्याचा दर्जा होता. जानेवारी २०२१ मध्ये तो काढून घेतला. आणि त्याच वर्षी आलेल्या केंद्राच्या सागरी कासव कृती आराखड्यात कासवांची महत्त्वाची जागा म्हणून गलाथियाचं नाव आहे! डाव्या हाताला उजव्या हाताचं माहीत नाही म्हणायचं, की दोन्ही हातांना सगळं माहीत आहे म्हणायचं, ते तुम्ही ठरवा. किनाऱ्यालगतचा प्रवाळ म्हणे उचलून दुसरीकडे लावणार. भाताची लावणी आहे का ती?

माणसंही आहेत. शोंपेन, २०११ च्या जनगणनेत २२९. जंगलात राहतात, बाहेरच्यांशी संबंध अगदी थोडा. त्यांचं मुख्य अन्न पँडॅनसचं फळ, म्हणजे आपल्या केवड्याच्या भाऊबंदांतलं झाड. तेही त्याच जंगलात. निकोबारी लोकांची किनाऱ्यावरची गावं २००४ च्या त्सुनामीत गेली. सरकारने त्यांना छावण्यांत आणून वसवलं, आणि ते अजून परत आपल्या गावी जाऊ द्या म्हणतायत. त्यांच्या ट्रायबल कौन्सिलने २०२२ मध्ये आधी प्रकल्पाला ना-हरकत दिली होती. नोव्हेंबरात ती मागे घेतली, आम्हाला पुरती माहिती दिली नव्हती असं सांगून. आणि हो, तिथं आपली माणसंसुद्धा आहेत. १९६९ पासून माजी सैनिकांच्या कुटुंबांना सरकारने ग्रेट निकोबारला नेऊन वसवलं, त्यात पंजाबी होते तसे महाराष्ट्रातलेही. ज्यांना "विकास" हा शब्द ऐकल्यावर फक्त विमानतळ दिसतो, त्यांनी या जुन्या वसाहतीतल्या कुणाला तरी एकदा विचारावं की पन्नास वर्षांत तिथं दवाखाना आणि बोट किती नियमित मिळाली.

आता देशाच्या सुरक्षेचं. हा मुद्दा येणारच, आणि तो हलका नाही. मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या तोंडावर बेट आहे, तिथं आपलं बळ हवंच, याबद्दल माझं दुमत नाही. म्हणूनच तिथं २०१२ पासून नौदलाचा आयएनएस बाझ हा तळ आहे. तो वाढवा, धावपट्टी लांब करा, कोण नको म्हणतंय? पण आज जिथं जेमतेम आठ-दहा हजार लोक राहतात तिथं साडेतीन लाखांचं शहर आणि पर्यटकांसाठी रिसॉर्ट, हे कुठल्या शत्रूला घाबरवायला? प्रत्येक प्रश्नाला "सुरक्षा" हा शिक्का मारला की प्रश्न संपत नाही, फक्त विचारणाऱ्याचं तोंड बंद होतं. शिवाय २००४ च्या भूकंपात या बेटाचं दक्षिण टोक, इंदिरा पॉइंट, सव्वाचार मीटर खाली गेलं. दीपस्तंभाच्या पायाशी पाणी आलं. भूकंपाच्या सगळ्यात धोक्याच्या पट्ट्यात लाखोंचं शहर बसवताना तरी सुरक्षा हा शब्द आठवायला हवा होता. आपण पूररेषेत घरं बांधली त्याचं काय झालं, ते बघून झालंय.

काही जण विचारतील, चिपळुणात बसून निकोबारवर पोस्ट लिहून काय होणार. काही नाही होणार कदाचित. पण हे "तिकडे तोडा, दुसरीकडे लावा" प्रकरण आपल्याकडेही चालू असतंच. रस्त्याला वडाची झाडं गेली, बदल्यात कुठेतरी कागदावर रोपं लागली. उद्या आपल्याच वरच्या डोंगरावर काही आलं आणि त्याची भरपाई विदर्भात दाखवली तर आपण काय म्हणणार आहोत? तेव्हा निकोबारचं उदाहरणच आपल्या तोंडावर मारतील.

बाकी, दिवाळीत किंवा पुढच्या सुट्टीत अंदमानला जाणार असाल तर सेल्युलर जेल बघाच, पण दोन दिवस डिगलीपूरला काढा. वन खात्याच्या गेटवर नोंद करा, वाटाड्या स्थानिकच घ्या, मीठ आणि जुने मोजे न्या, दुपारी दोननंतर माथ्याकडे निघू नका. आणि चिखल आला की बाजूने जाऊ नका, त्याच्यातूनच जा.

काका, फेब्रुवारीत मी परत जातोय, तेव्हा वाट जरा कोरडी असते. तुमचे गुडघे मला माहीत आहेत, माथ्यावर यायची गरज नाही. फोटो आठमधल्या त्या ओहोळापर्यंत चला. तिथून पुढे मी एकटा जाईन, तुम्ही दगडावर बसून वरचं पाणी आणि खालचं पाणी बघा. तिकिटं पुढच्या आठवड्यात काढायची आहेत, कळवा.